कुमारांच्या कपाटातील भयकथा कुलूपबंद करू नका

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडेच एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले होते. कधीही मोठा न होणाऱ्या पीटर पॅनच्या गोष्टीवर बेतलेली एक इंग्रजी भयकादंबरी शहरातल्या एका वाचनालयाने शालेय मुलांच्या कपाटात ठेवली, त्यांच्या आठवीतल्या मुलाने ती घरी आणली आणि परीकथेच्या नावाखाली मुलांच्या हाती खून, थडगी व प्रेते दिली जात आहेत, अशी त्यांची तक्रार होती. पत्र छापून आल्यावर ते पुस्तक मुलांच्या कपाटातून काढून कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात ठेवण्यात आले, असे चौकशी केल्यावर मला समजले. मी माध्यमिक शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि शनिवारी दुपारी शहराच्या पूर्व भागातील आठवी ते दहावीच्या काही मुलामुलींबरोबर पुस्तके वाचते. हीच कादंबरी आम्ही मिळून वाचली आहे. त्या पालकांची काळजी मला कळते आणि आपला मुलगा काय वाचतो याकडे त्यांचे लक्ष आहे, याचे मला कौतुकच वाटते. परंतु त्या काळजीपोटी घेतला गेलेला निर्णय योग्य नाही, असे माझे ठाम मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

प्रथम पुस्तकाविषयी, कारण तक्रारीत त्याच्या आशयाबद्दल फारसे काही आले नव्हते. अमेरिकी लेखिका क्रिस्टिना हेन्री यांची ‘लॉस्ट बॉय’ ही कादंबरी 2017 साली प्रसिद्ध झाली. मूळ गोष्टीतला खलनायक, एका हाताच्या जागी आकडा असलेला कॅप्टन हुक, हा एके काळी पीटरचा सर्वांत लाडका सोबती होता, या कल्पनेवर ती उभी आहे. जेमी नावाचा हा मुलगा स्वतःच आपली हकिगत सांगतो. पीटरने त्याला सर्वांच्या आधी बेटावर आणले आणि त्याच्या मागून एकेक करून बाकीची मुले आणली. बेटावर आईबाप नाहीत, शाळा नाही, कोणी मोठे होत नाही आणि रोज नवा खेळ असतो. त्या खेळांत आणि चाच्यांबरोबरच्या लढायांत मुले मरतात, तेव्हा त्यांना पुरण्याचे काम जेमीच्या वाट्याला येते. पीटर मात्र दुसऱ्या दिवशी नवी मुले आणायला मोकळा असतो. पुढे चार्ली नावाचे अगदी लहान पोर बेटावर येते, जेमी त्याला जपू लागतो, आणि आपल्या सोबत्याचे लक्ष दुसऱ्या कोणावर आहे हे पीटरला सहन होत नाही. तिथून कादंबरीत खरे भय सुरू होते. शेवट मी सांगत नाही, कारण ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा तो आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगते, की पीटरवरची जेमीची माया जसजशी आटत जाते, तसतसा त्याच्या अंगी मोठेपणा येत जातो. ज्याला आपण सर्वस्व मानले तो तसा नाही, हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळू लागणे किती जिव्हारी लागते, हे ज्यांनी त्या वयाची मुले जवळून पाहिली आहेत त्यांना निराळे सांगायला नको.

लेखिकेने एका निरागस गोष्टीला भयाचा मुलामा दिला, हा आक्षेप मूळ पुस्तक न वाचता घेतला जातो. जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ हे नाटक 27 डिसेंबर 1904 रोजी लंडनमध्ये प्रथम रंगभूमीवर आले आणि त्याचे कादंबरीरूप 1911 साली छापले गेले. त्या पुस्तकात बेटावरच्या मुलांची माहिती देताना बॅरी सहज सांगून जातात, की मुले मोठी होऊ लागली की ते नियमाविरुद्ध असल्याने पीटर त्यांची संख्या कमी करतो. कशी कमी करतो, हे ते सांगत नाहीत. लगेच गोष्ट दुसरीकडे वळते. शेवटच्या भागात, पीटरने बेटावर नेलेली वेंडी ही मुलगी हुकचा विषय काढते तेव्हा पीटरला हुक आठवतच नाही, आणि ज्या टिंकर बेल या परीने त्याच्यासाठी विष घेतले तीही आठवत नाही. बॅरी सहा वर्षांचे असताना, 1867 मध्ये, त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर घसरण्याच्या खेळात जखमी होऊन, चौदावा वाढदिवस तोंडावर आला असताना गेला, आणि आपला हा मुलगा आता कायम लहानच राहील या विचारात त्यांच्या आईने दिलासा शोधला. कधीही मोठा न होणाऱ्या मुलाच्या गोष्टीच्या तळाशी एका गेलेल्या मुलाची आठवण आहे, हे एकदा ध्यानात आले की त्या बेटावरची थडगी कोणी बाहेरून आणून ठेवलेली नाहीत, हेही दिसू लागते. याच बॅरींनी 1929 मध्ये या कृतीचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. मुले आजारी पडतात आणि मरतातही, याची ज्यांना पुरती जाणीव होती अशा माणसाने लिहिलेली ही गोष्ट आहे. आपण तिच्यातून हिरवा सदरा आणि उडता मुलगा एवढेच उचलले.

आता आमच्या वाचनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलांवर अशा पुस्तकाचा काय परिणाम होतो हा वादाचा मुद्दा आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. मी परिच्छेद इंग्रजीत वाचते आणि लगेच मराठीत सांगते. कुठे अडले तर एखादा मुलगा शेजारच्याला तेलुगूत समजावतो, एखादी मुलगी कन्नडमध्ये. जेमी कुरणाच्या कडेला खड्डा खोदतो आहे असे मी सांगत असताना खोलीत कोणी हालत नव्हते. त्यांच्यात नववीतली एक मुलगी आहे. तिची आई घरी विड्या वळते. पाने-तंबाखू आणायची, पाने भिजवून कापायची, वळलेल्या विड्यांच्या जुड्या कारखान्यात देऊन यायच्या, आणि छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, किती निघाली यावर त्या संध्याकाळी घरात कोण कोणाशी कसे बोलणार हे ठरायचे, अशा घरात धाकट्या भावंडांची आंघोळ, जेवण आणि शाळेची तयारी ही या मुलीची जबाबदारी असते. परिच्छेद संपल्यावर ती म्हणाली, “बाई, जेमी तर कधीचाच मोठा झालाय की. त्या चार्लीकडं बघायला दुसरं कोण हाय तिथं?” त्यावर एक मुलगा, ज्याचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, थोडा विचार करून म्हणाला, की पीटरला लहान राहता येते, कारण त्याची सगळी कामे जेमी करतो.

संपादक महोदय, मी वर्गात अनेक वर्षे काढली आहेत, पण कादंबरीच्या गाभ्याला असा नेमका हात घातलेला मी क्वचितच ऐकला. या मुलांना त्या पुस्तकातले भय नवे नव्हते. घरातल्या मोठ्या माणसांच्या भरवशाला मर्यादा आहेत, आपल्याहून लहान कोणाचा तरी जीव आपल्या हाती आहे आणि आपल्याला मात्र अजून कोणी मोठे समजत नाही, हे त्यांना ठाऊकच होते. ते मांडलेले पुस्तक तेवढे पहिल्यांदा हाती आले. त्या दिवशी घरी जाताना ती मुलगी घाबरलेली नव्हती. चार्लीचे पुढे काय होते, हे मी सांगावे म्हणून ती पायऱ्यांपर्यंत माझ्या मागे लागली होती.

जुन्या कथा गोड होत्या आणि आजच्या लेखकांनी त्या बिघडवल्या, या समजुतीचाही विचार व्हायला हवा. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला भाग 1812 मध्ये निघाला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला नवऱ्याला भाग पाडणारी बाईदेखील आधी त्यांची आईच होती आणि पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई केली गेली. लोखंडाचे तापवून लाल केलेले जोडे घालून राणीला मरेपर्यंत नाचायला लावण्याची शिक्षा मात्र तशीच राहिली. म्हणजे मुलांसाठी कथा सौम्य करताना क्रौर्य शाबूत ठेवले गेले आणि दडवले गेले ते एवढेच, की आपले माणूसही आपल्याला टाकू शकते. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या 1697 च्या पुस्तकात लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि तिला सोडवायला कोणी येत नाही. इटालियन लेखक कोलोदीचा पिनोकिओ 1881 मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागला, तेव्हा त्या लाकडी बाहुल्याला ओकच्या झाडावर फाशी देऊन लेखकाने गोष्ट संपवली होती. ती पुढे चालू राहिली, कारण वाचकांना ती संपायला नको होती.

आणि आपण आपल्या घरात काय सांगतो? श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी देवासमोर बसून वाचली जाते आणि लहान मुले हात जोडून ऐकतात. निपुत्रिक राणी सुईणीला वश करून एका गरीब बाईचे नुकते जन्मलेले मूल चोरून आणवते, आणि त्या बाईला वरवंटा झाला असे सांगून तो तिच्यापुढे ठेवला जातो. ते मूल राजवाड्यात वाढून राजा होते आणि एके दिवशी, ती आपली आई आहे हे ठाऊक नसताना, तिच्यावर मन जाऊन रात्री तिच्या घराकडे निघते. दारात वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडतो, वासराला वाचा फुटते आणि गाय आपल्या वासराला जे उत्तर देते त्याने तो माघारी फिरतो. पुढे काशीच्या वाटेवर तो अशा घरी मुक्कामाला उतरतो जिथे प्रत्येक मूल पाचव्या दिवशी दगावते. हा दारात निजतो, रात्री सटवी येते, वाटेत कोण आडवे पडले आहे म्हणून विचारते, आणि जिवती आपल्या बाळाला ओलांडू देत नाही. जन्माचे रहस्य, आईची ओळख, मध्यरात्रीची सटवी, आणि सरतेशेवटी पंगतीत आईच्या पान्ह्याने पटलेली खूण हे सारे त्या एका लहानशा कहाणीत आहे. कुमारवयातून बाहेर पडून आपण कोण हे शोधणाऱ्या मुलाची याहून थरारक भयकथा मला तरी माहीत नाही, आणि ती आपण पिढ्यान्पिढ्या पूजेला बसून ऐकत आलो आहोत. कोणाही आईने तिच्याविरुद्ध वृत्तपत्राला पत्र लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

सोलापुरात कन्नड बोलणाऱ्या घरांतून ‘गोविन हाडु’, म्हणजे पुण्यकोटी गायीचे गाणे, म्हटले जाते. वाघाने अडवलेली गाय, वासराला एकदा दूध पाजून परत येते असा शब्द देऊन घरी येते. वासराचा निरोप घेताना ती कळपातल्या दुसऱ्या गायींना विनवते, की हे समोरून आले तर शिंगाने ढुसणी देऊ नका, मागून आले तर लाथ मारू नका. गाणे आईच्या सत्यवचनाचे आहे आणि शेवटी वाघच स्वतःचा जीव देतो. पण हे गाणे ऐकणारे मूल सगळा वेळ त्या वासराच्या जागी असते. आई पाठमोरी होऊन रानाकडे निघाल्यापासून ती परत दिसेपर्यंत त्या वासराने काय सोसले असेल, यावर कोणी मराठीत कादंबरी लिहिली, तर मी ती माझ्या शनिवारच्या मुलांना सर्वांत आधी वाचून दाखवीन.

जुनी बालकथा घेऊन लिहिलेले सर्वच भयसाहित्य चांगले असते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. विनी-द-पूचे 1926 चे पुस्तक 1 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्या भाबड्या अस्वलाच्या हाती हत्यार देऊन माणसे मारणारा चित्रपट निघाला. त्यातल्या हिंसेचा मूळ गोष्टीशी काहीही संबंध नाही. आमच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या भूतबंगल्यात दचकावे आणि बाहेर येऊन विसरून जावे, तसा तो प्रकार आहे. पुस्तक निवडताना मी एवढेच पाहते, की भय मूळ गोष्टीच्या पोटातून आले आहे की वरून ओतलेले आहे, आणि त्या भयातून गेल्यावर कथेतले मूल पूर्वीपेक्षा काही अधिक जाणते की नाही. ‘लॉस्ट बॉय’ या दोन्ही कसोट्यांना उतरते. तिच्यात रक्तपाताचे काही प्रसंग गरजेपेक्षा लांबले आहेत, हेही मी मुलांसमोर बोलले आहे, आणि त्यांच्यापैकी काहींना माझे म्हणणे पटलेले नाही.

वयाचा प्रश्न खरा आहे. हे पुस्तक तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती मीही देणार नाही. परंतु मी पाहिलेल्या वाचनालयांतून बालविभाग आणि प्रौढ विभाग असे दोनच भाग असतात, आणि चांदोबाच्या जुन्या अंकांपासून थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांपर्यंतची मधली वाट मुलांनी आपली आपण शोधायची असते. तेरा ते सोळा या वयाला आपल्याकडे स्वतंत्र कपाट नाही, म्हणून तक्रार आली की पुस्तक एकतर बाळांच्यात राहते किंवा कुलपात जाते. कुलूप लावल्याने भय थांबत नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. अंथरुणात पांघरुणाखाली मोबाइलवर मुले जे पाहतात ते एकट्याने पाहतात, आणि त्याविषयी सकाळी कोणाला काही विचारण्याची सोय त्यांना नसते.

मराठीला भयकथेचे किंवा मुलांसाठीच्या कसदार लेखनाचे वावडे कधीच नव्हते. नारायण धारपांच्या कादंबऱ्या आमच्या पिढीने वाचनालयात नंबर लावून वाचल्या. रत्नाकर मतकरींनी तर एका हाताने गूढकथा लिहिल्या आणि दुसऱ्या हाताने बालनाट्य उभे केले. ‘अलबत्या गलबत्या’मधल्या चेटकिणीला भिऊन आईला बिलगलेली मुले पुढच्याच क्षणी तिला पाहायला पुन्हा मान वर करतात, हे ज्याने नाट्यगृहात पाहिले आहे त्याला मुलांना भय हवे असते की नको, हा प्रश्न पडणार नाही. उणीव आहे ती या दोहोंच्या मधल्या कादंबरीची. धारप मोठ्यांसाठी लिहीत होते आणि चेटकीण लहानांसाठी आहे. चौदा वर्षांच्या मुलाला केंद्रस्थानी ठेवून, त्याच्या भयाला गांभीर्याने घेणारी आणि आपल्याच कहाण्यांतून उगवलेली मराठी कादंबरी मला शोधूनही सहजी सापडत नाही. त्यामुळे माझ्या मुलांना त्यांच्या मनातले भय सात समुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन, माझ्या तोंडी भाषांतरातून वाचावे लागते. आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लिहिणाऱ्या कथाकारांपैकी कोणी हे काम मनावर घेतले, तर पाहिजे तेवढे कुमार वाचक जमवण्याची जबाबदारी मी घेते.

संबंधित वाचनालयाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की ते पुस्तक कुलपातून काढावे आणि त्याच्यासाठी बालविभागाच्या शेजारी आठवी ते दहावीच्या वाचकांचे वेगळे कपाट सुरू करावे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेने एका पत्रावरून पुस्तक हलवण्याआधी ते निदान कोणीतरी पूर्ण वाचावे, एवढी अपेक्षा गैर नसावी. असे पुस्तक नेताना पालकांची सही घ्यायची असेल तर तीही घ्यावी. त्या निमित्ताने घरात त्या पुस्तकाविषयी बोलणे तरी होईल. ज्या पालकांनी तक्रार केली त्यांना माझे मनापासून निमंत्रण आहे, की त्यांनी मुलाला घेऊन एखाद्या शनिवारी आमच्यात येऊन बसावे. श्रावण लागला की आम्ही जिवतीची कहाणी आणि पुण्यकोटीचे गाणे लागोपाठ वाचणार आहोत. गाणे कन्नडमधून म्हणायला एका मुलीची आजी येणार आहे, आणि कहाणी मोठ्याने वाचायला अजून कोणी ठरलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
सोलापूर